ऑफर लेटरवर नाव कोणाचं आणि काम कोणतं?

बेळगावच्या वडगावहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांचं किराणा दुकान आहे, गिऱ्हाईक मुख्यतः आसपासचे मागवाले आणि यंत्रमाग कामगार. लेक बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑनलाइन किराणा विकणाऱ्या एका कंपनीची माणसं कॉलेजात येऊन गेली. ही कंपनी आता बेळगावात गल्लोगल्ली छोटी दुकानं काढणार म्हणते. ‘ट्रेनी स्टोअर मॅनेजर’ म्हणून लेकीची निवड झाली आहे. आधी हुबळीत प्रशिक्षण, मग बेळगावात नेमणूक. वडील लिहितात, “कंपनीनं उद्या गाशा गुंडाळला तर पोरीचं काय? आणि कंपनी चालली, तर आमचं दुकान आमच्याच लेकीच्या हातून बसणार. तिला एम.कॉम.ला घालू, बँकेच्या परीक्षांना बसवू, की जाऊ देऊ?”

नमस्कार. उत्तर आधी सांगते. जाऊ द्या, पण सही करण्याआधी तिला कोणतं काम मिळणार आहे ते बघा, आणि जमलं तर बदलून मागा.

कंपनी टिकेल की नाही, याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. अगदी मोठ्यांचीही नाही. अ‍ॅमेझॉनचंच बघा. 2017 मध्ये त्यांनी अमेरिकेतली होल फूड्स ही किराणा दुकानांची साखळी 1370 कोटी डॉलरला घेतली. 2018 मध्ये सिएटलमध्ये बिनकॅशियरचं दुकान लोकांसाठी उघडलं. कॅमेरे आणि सेन्सर बघणार तुम्ही काय उचललं, आणि पैसे आपोआप कापले जाणार. 2020 पासून ‘फ्रेश’ नावाची मोठी दुकानं सुरू झाली. 2023 च्या सुरुवातीला मात्र कंपनीचे प्रमुख अँडी जॅसी यांनी नव्या फ्रेश दुकानांचा विस्तार थांबवत असल्याचं सांगितलं. दुकानाची घडी आणि हिशेब जमेपर्यंत पुढं जायचं नाही, असं ठरलं. 2024 मध्ये अमेरिकेतल्या फ्रेश दुकानांतून ती कॅमेऱ्यांची पद्धत काढायला घेतली. 2025 च्या सप्टेंबरात ब्रिटनमधली सगळी 19 फ्रेश दुकानं बंद करायचा प्रस्ताव जाहीर झाला, त्यातली पाच होल फूड्स करायची असं ठरलं.

हे सगळं सांगते ते तुम्हाला घाबरवायला नाही. त्यांच्याकडे पैसा होता, तंत्र होतं, माणसं होती. तरी अडलं, कारण किराण्यात सुटतं थोडं. भाजी सुकते, पावाची मुदत संपते, एका वस्तीत खपणारा माल दुसऱ्या वस्तीत पडून राहतो, आणि भाडं-पगार मात्र दर महिन्याला ठरलेला. आषाढात चिरमुरे किती भरायचे, गणपतीआधी गुळाची ढेप कधी घ्यायची, मागाचा पगार झाला नाही त्या आठवड्यात तेल सुटंच जास्त जाणार, हे तुम्हाला न लिहिता कळतं. कंपनीला हेच विकत घेता येत नाही. तुमची लेक हे बघतच वाढली आहे. तिची निवड झाली त्यात मार्कांइतकाच याचाही वाटा असणार, असं मी धरून चालते.

म्हणून मुद्दा कामाचा. अशा दुकानात वरवर एकच दिसणारी दोन कामं असतात. एक, काउंटर आणि डिलिव्हरी सांभाळायचं: पोरं वेळेवर आली का, पिशव्या भरल्या का, गिऱ्हाईकाची तक्रार मिटली का. दुसरं, मालाचं: आलेला माल बिलाशी ताडून उतरवून घेणं, मुदत आधी संपणारा माल पुढं लावणं, तूट-नासाडीचा रोजचा हिशेब, कोणती वस्तू किती मागवायची याचा अंदाज, पुरवठादाराशी दर ठरवणं. पहिल्या कामात धावपळ खूप, आणि दुकान बंद पडलं की हाती फारसं उरत नाही. दुसरं काम शिकलेली मुलगी औषधांच्या गोदामात, डेअरीत, हॉटेलच्या खरेदी खात्यात, कुठंही उभी राहते. बी.कॉम.ला कॉस्टिंग शिकवतात ते इथं हाताला लागतं. तेव्हा प्रशिक्षणाच्या काळातच मालाच्या आवक-जावकीवर बसवा, असं तिनं लेखी मागावं. नाही म्हणाले तरी मागणारी लक्षात राहते.

आता ऑफर लेटर. हा भाग सावकाश वाचा. परदेशी भांडवलाच्या ऑनलाइन कंपनीला आपल्याकडे सहसा स्वतःचा माल साठवून थेट गिऱ्हाईकाला विकता येत नाही (भारतात तयार झालेले खाद्यपदार्थ सरकारी परवानगीनं विकता येतात, तेवढं सोडून), तिनं फक्त बाजारपेठ चालवायची, म्हणजे दुसऱ्या विक्रेत्यांचा माल आपल्या अ‍ॅपवर विकू द्यायचा. डिसेंबर 2018 मध्ये सरकारनं हे नियम आणखी आवळले, ते फेब्रुवारी 2019 पासून लागू झाले. अनेक ब्रँडचा माल विकणाऱ्या दुकानांत परदेशी गुंतवणूक 51 टक्क्यांपर्यंत चालते, पण सरकारी परवानगीनं आणि राज्यानं होकार दिला तरच. त्यामुळं अ‍ॅपवर नाव एकाचं, दुकानातला माल दुसऱ्याचा आणि माणसं तिसऱ्या एजन्सीची, असं सर्रास घडतं. कॉलेजात आलेल्यांच्या टी-शर्टवर काय छापलं होतं ते सोडा. पगार देणाऱ्याचं नाव बघा. लेक कंपनीच्या रोलवर आहे की एजन्सीच्या? पी.एफ. कोणाच्या नावानं भरणार? दुकान बंद झालं तर हुबळी-धारवाडला बदली देणार की घरी पाठवणार? नोटीस पीरियड किती, बाँड आहे का? मूळ मार्कशीट ठेवून घेऊ म्हणाले तर तिथंच उठून या. झेरॉक्स द्यायची, मूळ कागद दाखवून परत घ्यायचे.

शेवटची पाळी किती वाजता सुटते तेही विचारा. रात्री उशिरा सुटत असेल तर घरी सोडायची गाडी कंपनीनं द्यायला हवी. कर्नाटकात बायकांना रात्रपाळीला ठेवायचं तर ने-आण आणि सुरक्षेची जबाबदारी मालकाची असते. हे विचारताना संकोच नको.

तुमच्या दुसऱ्या भीतीचं काय? दुकान बसेल का? काही गिऱ्हाईक जाईल, हे खरंच आहे. साबण, बिस्किट, तेलाची पिशवी, डायपर हे मोबाइलवर मागवलं जाणार. पण त्यात तुम्हाला सुटतं तरी किती, ते एकदा कागदावर मांडा. सुटी मिरची, गूळ, डाळी, खानापूरकडचा तांदूळ, आणि आठवड्याच्या बोलीवर दिलेली उधारी यात कंपनी सहजासहजी शिरत नाही. उधारीची वही मात्र उघडून बघाच. सहा महिने हललं नाही असं खातं किती रुपयांचं आहे? दुकान कंपनीमुळं बसण्याआधी पुष्कळदा या वहीतच अडकतं. आणखी एक गोष्ट. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, आणि बेंगळुरात कित्येकांनी क्यूआर कोड काढून टाकले. घाबरून कोड काढू नका. मालाच्या व्यापारात नोंदणीची मर्यादा वर्षाला 40 लाख उलाढालीची आहे. आपण तिच्या अलीकडं आहोत की पलीकडं, हे लेकीला बँकेचं स्टेटमेंट घेऊन मांडू द्या. नोकरी लागायच्या आधी तिचा हा एवढा हात दुकानाला लागला तरी पुष्कळ. आणि तिच्या हातून दुकान मोडेल ही सल मनातून काढा. ती नाही गेली तरी त्या जागेवर दुसरं कोणी बसणारच आहे.

एम.कॉम. आणि बँकेचं विचाराल तर, नुसतं घरी बसायला नको म्हणून एम.कॉम. करू नये. बँकेच्या परीक्षा वाईट नाहीत, पण त्या मनापासून, वर्ष-दीड वर्ष बसून द्याव्या लागतात, आणि तुमच्या पत्रात तिचं मन तिकडं आहे असं एका ओळीतही दिसलं नाही. मालाचा हिशेब आवडला तर नोकरी करता करता सी.एम.ए.चा, म्हणजे खर्चाच्या हिशेबाच्या व्यावसायिक परीक्षेचा, विचार करता येईल. पदवीनंतर त्यात फाउंडेशनची परीक्षा माफ असते, थेट इंटरमीजिएटला बसता येतं.

आता दोन गोष्टी थेट तुझ्याशी, पोरी. तू मराठी शाळेतून आलीस, कन्नड बोलतेस पण लिहायला बिचकतेस, असं बाबांनी लिहिलंय. हे आत्ताच सुटायला हवं. हुबळीत तुझ्या हाताखालची पोरं कन्नडमध्येच बोलणार, ब्याडगीचा मिरचीवाला कन्नडमध्येच दर सांगणार, खात्याचा अधिकारी आला तर कागद कन्नडमध्येच पुढं करणार. दुकानात येणाऱ्या मालाची नावं कन्नडमध्ये लिहायला घे. तूरडाळ, हरभराडाळ, पोहे, रवा, जिरे, रोज दहा. शेजारच्या घरी कन्नड शिकणारी मुलगी असेल तर तिच्याकडून तपासून घे. मराठी आपली आहेच, ती कुठं जात नाही. दोन्ही लिपींत सफाईनं बिल करणारी व्यवस्थापक या सीमाभागात कंपनीला सहज मिळत नाही, आणि पगार ठरवताना हे तू स्वतः सांगायचंस.

दुसरी गोष्ट, वर्षभरानं काय बघायचं ते आजच लिहून ठेव. पुरवठादाराशी बोलायला मिळालं का? मागणीचा अंदाज तुझ्यावर सोडला का? दोन्हींचं उत्तर नाही आलं, तर कंपनी जोरात चालत असली तरी दुसरीकडं अर्ज करायला लाग.

ऑफर लेटर हाती आलं की सही करण्याआधी मला एकदा दाखवा. पगाराचा आकडा झाकून पाठवलंत तरी चालेल, मला अटींचं पान हवं आहे.