मुलांना पाढे-सनावळ्या पाठ करायला लावाव्यात की हाताचं काम शिकवावं?

तुमचा मुलगा सातवीत आहे, शाळेत नुसती घोकंपट्टी चालते आणि ती सोडून व्यवहाराचं शिकवायला हवं, असं तुम्ही लिहिलंय. अर्धं पटलं. उरलेलं अर्धं माझ्या अंगाशी आलेलं आहे, म्हणून लिहितो.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं. वडिलांचे चार यंत्रमाग, टॉवेलचं काम. दहावीला गणितात उत्तम मार्क पडले, म्हणून वडिलांनी कौतुकानं हिशोब घातला : २,००० धाग्यांचा, २१० वार लांबीचा ताणा (मागावरचे उभे धागे) लावायचाय, २० नंबरचं सूत किती लागेल? मी गप्प. नंबर म्हणजे काय, हेच ठाऊक नव्हतं. पाचवी शिकलेले आमचे जॉबरमामा (माग दुरुस्त करणारे) तेल लावता लावता म्हणाले, "पंचवीस पौंड. वर थोडं वेस्टेज धर."

त्यांच्या डोक्यात एकच आकडा पक्का होता. १ नंबरच्या सुताची ८४० वार लांबी भरली की वजन होतं एक पौंड. २० नंबरचं म्हणजे पौंडाला १६,८०० वार. २,००० धागे गुणिले २१० वार म्हणजे ४,२०,००० वार, त्याला १६,८०० नं भागायचं, झालं. आता याला कौशल्य म्हणायचं की पाठांतर? ८४० आणि पाढे पाठ नसते, तर मामांचा हात तिथंच अडला असता.

पुढं मागावर पॉलिस्टर आलं आणि मामा अडले. सुताचा नंबर वाढला की धागा बारीक होतो; पॉलिस्टर मोजतात डेनियरमध्ये, आणि डेनियर वाढला की धागा जाड होतो. त्यांना वाटलं, व्यापारी फसवतोय. तेव्हा कुठं माझं पुस्तक कामाला आलं. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. एकात वजन ठरलेलं आणि लांबी मोजायची, दुसऱ्यात लांबी ठरलेली आणि वजन मोजायचं. व्यस्त प्रमाण! शाळेत मी ते मजूर आणि दिवसांच्या गणितात शेकडो वेळा सोडवलं होतं, पण सूत हातात घेऊन एकदाही नाही. आणि शाळा मागांपासून चालत दहा मिनिटांवर.

कार्यानुभवाचा तास होता म्हणा. त्यात आम्ही क्रेपच्या कागदाची फुलं केली. (माझी आईनं केली.)

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकायला पाठवायचं म्हटलंय. कल्पना चांगली आहे. पण धडा जूनमध्ये आणि कारखान्याची भेट जानेवारीत असेल, तर ती सहलच होते. फोटो निघतात, वडापाव खाऊन पोरं घरी.

तेव्हा पाढे बंद करू नका. घरचं लाइटबिल त्याला युनिटवरून काढायला लावा, चुकलं तर चुकू द्या. आणि पुढच्या पालकसभेत सरांना एवढंच विचारा, दप्तराविना दिवस कुठल्या धड्याला जोडलेत?