पहिली नजर रिंगकडे

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

बास्केटबॉलच्या मॅचमध्ये शेवटच्या पाच मिनिटांत सर तुला बेंचवर का बसवतात, असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा नीट लिहून कळवते म्हणाले होते. तुझ्या आवाजात राग होता आणि तो मला आवडला. मॅचभर समोरच्यांची सगळ्यांत भारी खेळाडू अडवून धरायची आणि निकाल लागायच्या वेळी खांद्यावर टॉवेल टाकून बसायचं, हे कुणालाही बोचेल. पण सरांचं गणित चुकलेलं नाही. तू कोर्टवर असलीस की आपला ऑफेन्स (हल्ला) चौघींचा होतो आणि समोरच्यांचा डिफेन्स (बचाव) मात्र पाच जणींचाच राहतो. बरोबरीच्या मॅचमध्ये शेवटी हे परवडत नाही.

इंटर-कॉलेजच्या सेमीफायनलला मी रेसकोर्स रोडच्या कॉम्प्लेक्सवर होते. दुसऱ्या हाफमध्ये मी बॉलकडे फारसं पाहिलंच नाही. तुला मार्क करणाऱ्या, म्हणजे तुला अडवायला नेमलेल्या, नऊ नंबरच्या मुलीवर नजर ठेवून बसले. तू उजव्या कोपऱ्यात उभी होतीस आणि ती पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या आखलेल्या चौकटीत, दोन्ही पाय रोवून, जवळजवळ तुझ्याकडे पाठ करून. तुमची पॉइंट गार्ड (बॉल आणून खेळ चालवणारी) आत घुसली की तिच्यासमोर दोघी उभ्या. नाइलाजाने तिने बॉल तुझ्याकडे टाकला. तू तो डोक्यावर धरलास आणि लगेच पुन्हा तिलाच शोधायला लागलीस. नऊ नंबर जागची हललीसुद्धा नाही. हे पुन्हा पुन्हा घडलं, आणि त्यात तू रिंगकडे एकदाही पाहिलं नाहीस.

तुझं दुखणं इथे आहे. तुझा शॉट सुधारायला हवा, त्याबद्दल पुढे लिहिते. पण त्याआधी ही सवय मोडायला हवी. बॉल हातात आला की पहिली नजर रिंगकडे गेली पाहिजे, मग पासकडे. तू शॉट घेणार नसलीस तरी. डिफेन्सला तुझे डोळे दिसतात. तू स्वतः दुसऱ्यांचे डोळे वाचूनच तर इतके पास कापतेस! गुडघे पास यायच्या आधीच वाकलेले हवेत, बॉल छातीपाशी हवा, आणि शॉट, ड्राइव्ह (बॉल घेऊन रिंगकडे मुसंडी) की पास हे बॉल हवेत असतानाच जवळपास ठरलेलं हवं. तू बॉल पकडतेस, उभी राहतेस आणि मग विचार करतेस. तेवढ्या वेळात तर तू स्वतःसुद्धा कुणालाही गाठशील.

मी तुला स्कोअरर हो म्हणत नाही. तुमच्या संघात दोघी आहेत आणि त्या चांगल्या आहेत. तुला मार्क करणाऱ्या मुलीला तुझ्याजवळ यायला भाग पाडायचं, एवढंच तुझं पहिलं काम. ती जवळ आली की पेंट मोकळा होतो आणि त्या दोघींचं काम सोपं होतं. आणि हे तुला इतरांपेक्षा लवकर जमेल, कारण डिफेंडरला काय नकोसं असतं ते तुला पाठ आहे.

क्लोज-आउटच घे, म्हणजे मोकळ्या मुलीला अडवायला धावत जाणं. हेल्पला, म्हणजे दुसरीच्या मदतीला, आत गेलेली तू जेव्हा कोपऱ्यातल्या मुलीकडे धावत परततेस, तेव्हा तुला भीती कसली असते? ती तुझ्या पुढच्या पायाच्या बाहेरून निघेल, हीच ना? धावत आलेल्या मुलीचा जो पाय पुढे असतो, त्या बाजूने गेलं की तिला आधी तो पाय मागे ओढावा लागतो आणि मग वळावं लागतं. तेवढ्यात तुझा एक ड्रिबल (बॉलचा टप्पा) आणि दोन लांब पावलं होतात. हे तू रोज सोसतेस, आता दुसऱ्यांना सोसायला लाव. फक्त एक सांभाळ: उभ्याने बॉल पकडला असलास तर पिव्हटचा, म्हणजे जमिनीवर रोवलेला, पाय उचलायच्या आधी ड्रिबलसाठी बॉल हातातून सुटलेला हवा. ड्राइव्ह नव्याने शिकणाऱ्या मुली इथेच ट्रॅव्हलिंग (बॉल धरून जादा पाऊल टाकण्याची चूक) करतात. धावता धावता पकडलास तर गोष्ट वेगळी. फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या 2017 पासूनच्या नियमाप्रमाणे बॉल ताब्यात येताना जमिनीवर असलेलं पाऊल मोजत नाहीत, त्यानंतर दोन पावलं मिळतात.

कटचं, म्हणजे बॉलशिवाय अचानक रिंगकडे निघण्याचंही तसंच. बॉल आणि माणूस दोन्ही एकाच वेळी दिसले पाहिजेत, हे सर तुम्हाला डिफेन्समध्ये घोकून घेतात. नऊ नंबरला ते जमत नव्हतं. पॉइंट गार्डने ड्रिबल टाकला की तिची मान तिकडे वळायची आणि तू तिच्या हिशेबातून नाहीशी व्हायचीस. मान वळली की त्याच क्षणी बेसलाइनवरून (रिंगमागच्या कडेच्या रेषेवरून) रिंगखाली निघ. पास आला नाही तर थांबू नकोस, दुसऱ्या कोपऱ्यात जा. पेंटमध्ये रेंगाळलीस तर तीन सेकंदांची शिट्टी आहेच, शिवाय तुझ्या पाठोपाठ आलेली डिफेंडर पॉइंट गार्डची वाटही अडवते.

आता स्क्रीन, म्हणजे आपल्या मुलीच्या डिफेंडरच्या वाटेत उभं राहून तिला अडवणं. मला वाटतं, तुझ्या खेळात सगळ्यांत लवकर फरक पडेल तो इथे, आणि हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तुला मार्क करणारी मुलगी तुझ्यापासून लांब उभी असते, ही तुझी कमजोरी समजली जाते. पण तूच जाऊन तुमच्या शूटरला स्क्रीन लावलीस तर? शूटरची डिफेंडर तुझ्यावर अडकली. तिच्या मदतीला यायची ती तुझी मार्कर, आणि ती तर पेंटमध्ये बसलेली. शूटरला मोकळा शॉट मिळालाच. दोनदा असा शॉट पडला की मार्करला बाहेर यावंच लागतं. ती बाहेर आली की स्क्रीन लावून वळायचं आणि फ्री थ्रो लाइनपाशी बॉल मागायचा. तिथे तुझ्यासमोर एकच डिफेंडर उरते आणि तुमच्या दोघी कोपऱ्यांत मोकळ्या असतात. अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन याच जागेवर किती तरी मॅचेस फिरवत आलाय, आणि त्याला कुणी शूटर म्हणत नाही. तुझी नजर आणि तुझे पास तिथे उपयोगी पडतील. स्क्रीन लावताना पाय मात्र स्थिर ठेव. तुला सरकत सरकत धक्का द्यायची खोड आहे, त्यावर फाउल मिळतो.

झोनविरुद्धही, म्हणजे समोरच्या मुली माणसाऐवजी जागा अडवतात तेव्हाही, हीच जागा पकड. कॉलेजचे बरेच संघ दमले की 2-3 झोन (पुढे दोघी, मागे तिघी) लावतात आणि त्यांना फ्री थ्रो लाइनजवळची पोकळी सांभाळणं जड जातं. तिथे उभी राहून बॉल घ्यायचा, वळायचं आणि आधी रिंगकडे पाहायचं. मागच्या तिघींपैकी कोण पुढे येते ते दिसलं की पास कुठे द्यायचा ते आपोआप कळतं.

शॉटबद्दल. तुझा शॉट चपटा जातो. रिंगचा व्यास 45 सेंटिमीटर आणि तुमच्या सहा नंबरच्या बॉलचा साधारण 23. वरून सरळ खाली पाहिलं तर जागा भरपूर. पण बॉल तीस अंशांच्या कोनात रिंगकडे आला तर त्याच्या वाटेवरून ती जागा फक्त साडेबावीस सेंटिमीटर उरते, म्हणजे कशालाही न लागता बॉल आत जाणं शक्यच नाही. तोच बॉल पंचेचाळीस अंशांत उतरला तर जवळजवळ 32 सेंटिमीटर मिळतात. एवढ्यासाठी मी सारखं "वर सोड, वर सोड" म्हणते. लांबून जोर काढून मारशील तर शॉट चपटाच होणार, म्हणून आधी जवळ ये. रिंगपासून दीड मीटरवर उभी राहून एका हाताने टाक, दुसरा हात पाठीमागे. कोपर रिंगच्या रेषेत, बोटं शेवटपर्यंत बॉलमागे, मनगट सैल सोडलेलं. सलग पाच पडले की एक पाऊल मागे, चुकला की एक पाऊल पुढे. हे कंटाळवाणं आहे. रोज अर्धा तास दे. बॉल कपाळाच्या वर न नेता उजव्या डोळ्याच्या थोडा पुढून सोड. तू तो डोक्यामागून आणतेस, त्यात वेळ जातो आणि दिशाही बिघडते.

तुला वाटेल, कॉलेजात आल्यावर शॉट बदलतो होय? एनबीएचा काव्हाय लिओनार्ड कॉलेजात सॅन डिएगो स्टेटकडून दोन वर्षं खेळला. तेव्हा नाव होतं ते डिफेन्स, रिबाउंड आणि भल्यामोठ्या हातांचं. थ्री पॉइंटची, म्हणजे लांबच्या तीन गुणांच्या शॉटची, टक्केवारी दोन्ही वर्षी तीसच्या आत. 2011 मध्ये तो एनबीएच्या सॅन अँटोनियो संघात गेला. तिथले शूटिंग कोच चिप एंगलँड यांनी त्याचा शॉट मोडीत काढला नाही. डोक्यावरून सुटणारा बॉल थोडा खाली आणि पुढे आणला आणि भरपूर सराव करून घेतला. पहिल्याच मोसमात त्याचे 37 टक्क्यांहून जास्त थ्री पडले. 2014 च्या फायनल्समध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि पुढे लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्तम डिफेंडरसुद्धा. एक मिळवायला दुसरं सोडावं लागत नाही.

त्याच संघातला, त्याच्या आधीचा, ब्रूस बोवेन तर तुझ्या आणखी जवळचा. समोरच्या संघाच्या सगळ्यांत मोठ्या स्कोअररवर त्यालाच सोडत. ऑफेन्समध्ये त्याची जागा एकच, कोपरा. 2002-03 च्या मोसमात थ्री पॉइंटच्या टक्केवारीत तो अख्ख्या एनबीएत पहिला होता, 44.1 टक्के, आणि त्याच मोसमात त्याचे फ्री थ्रो (फाउलवर मिळणारे मोकळे शॉट) पडले फक्त 40.4 टक्के! यावरून मी एवढंच घेते की एका जागेवर, एकाच प्रकारच्या पासवर मन लावून मेहनत केली तर तेवढ्याने डिफेन्सला बाहेर ओढता येतं. तू तुझी एक जागा निवड. तुमच्या कोर्टवर कोपऱ्यातली थ्रीची रेषा रिंगपासून 6.60 मीटरवर आहे, समोरच्या 6.75 पेक्षा थोडी जवळ. या वर्षी मात्र तिच्या दोन पावलं आतून बेसलाइनजवळचा शॉट पक्का कर. रेषेवर पुढच्या वर्षी जाऊ.

बोवेनचं फ्री थ्रोचं गणित मात्र उचलू नकोस. तू ड्राइव्ह घ्यायला लागलीस की फाउल मिळणारच, आणि शेवटच्या पाच मिनिटांत फ्री थ्रो न पडणारी मुलगी सर पुन्हा बसवतील. हा सराव दमल्यावरच करायचा. दोन सुइसाइड (रेषांना शिवून परत यायच्या धावा) धावायच्या, मग दोन फ्री थ्रो. ताज्या अंगाने टाकलेल्या शंभरांचा मॅचमध्ये फारसा उपयोग नाही.

डाव्या हाताचा ले-अप (धावत जाऊन रिंगजवळून टाकलेला शॉट) तुझ्याकडे नाही, हे तुलाही माहीत आहे. तू समोरच्यांचे एवढे बॉल हिसकावतेस आणि डावीकडून एकटी पळत जाऊन उजव्या हाताने बॉल बोर्डवर आपटून येतेस, ते पाहून जीव हळहळतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुसरं काही झालं नाही तरी हे झालंच पाहिजे. आणि ऑफेन्सिव्ह रिबाउंड, म्हणजे आपलाच चुकलेला शॉट परत मिळवणं: तुला सोडून हेल्पला गेलेली मुलगी तुला बॉक्स-आउट करू शकत नाही, म्हणजे अंगाने अडवून रिंगपासून लांब ठेवू शकत नाही. शॉट दुसऱ्या बाजूने गेला की लांबून चुकलेला बॉल बहुतेक वेळा तुझ्याच बाजूला येतो. कोपऱ्यातून बघत उभी राहू नकोस, आत शिर. तेवढ्याने संघाला आणखी 14 सेकंद मिळतात.

एक काम आजपासून. सरावाला कुणी मुलगी दुखापतीमुळे बाहेर बसली असेल तर तिच्या हातात वही दे. तुझे किती शॉट पडले ते तिने लिहायचं नाही. तू बॉल पकडलास आणि रिंगकडे पाहिलं नाहीस, असं जितक्या वेळा होईल तितक्या रेघा ओढायच्या. आठवडाभराने त्या रेघा मला दाखव. आणि सरांना जाऊन सरळ विचार: मोकळी असताना या एका जागेवरून शॉट घेतला तर चालेल ना? ते हो म्हणतील. त्यांचा होकार मनाशी असला की पहिले चार चुकले तरी पाचवा घ्यायला हात अडखळणार नाही. सुरुवातीला चुकतीलच. तेव्हा लगेच मागे धाव आणि तुझा डिफेन्स कर. तो तुझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

रविवारी सकाळी सहाला कॉम्प्लेक्सवर ये. साडेआठनंतर ऊन चढतं आणि सिमेंटवर पाय ठरत नाहीत, त्यामुळे वेळेवर ये. पोहे नंतर खाऊ. सहा नंबरचा बॉल आण. मागच्या वेळी तू भावाचा सात नंबरचा आणला होतास. तो जड, त्यामुळे तू खांद्याने ढकलायला लागलीस आणि मनगट कामच करेना. हवाही तपासून आण.

तुझी,
ताई