वाचकांचे प्रश्न : लाइव्ह चार्टवरची सरकती रिग्रेशन रेषा

प्रश्न : शेअरच्या पाच मिनिटांच्या कँडलवर (चार्टवर दर पाच मिनिटांचे भाव दाखवणारी एक पट्टी) शेवटच्या २० बंद भावांची रिग्रेशन रेषा, म्हणजे भावांच्या सर्वात जवळून जाणारी सरळ रेषा, मी पायथॉनमध्ये काढतो. दर टिकला, म्हणजे भाव बदलेल त्या प्रत्येक वेळी, सगळे गणित पुन्हा करावे लागते. उतार मधूनच भलताच येतो. शिवाय सकाळी दिसलेली रेषा दुपारी वेगळीच दिसते. कुठे चुकते? – एक वाचक, लातूर

उत्तर : आडव्या अक्षावर आपण काय घेता, ते आधी तपासा. युनिक्स वेळ सेकंदांत घेतली असेल तर तो आकडा १७० कोटींच्या पुढे जातो. त्याचा वर्ग संगणकाच्या दशांश आकड्यांच्या (फ्लोट) अचूकतेत पूर्ण मावत नाही, दोन अवाढव्य बेरजांच्या वजाबाकीत खरा फरक बिघडतो आणि उतार चुकू शकतो. त्याऐवजी खिडकीतील, म्हणजे हिशेबात घेतलेल्या शेवटच्या २० भावांना, जुन्यापासून ० ते १९ क्रमांक द्या. मग उताराच्या सूत्रातला छेद कायमचा ठरतो : २० भावांसाठी १३३००, ५ भावांसाठी ५०.

आता दोनच आकडे सांभाळायचे : भावांची साधी बेरीज आणि क्रमांक गुणिले भाव यांची भारित बेरीज. पाच भाव घेऊन पाहा : ४५१०, ४५२०, ४५०५, ४५३०, ४५४०. साधी बेरीज २२६०५, भारित ४५२८०, क्रमांकांची बेरीज १०. उतार = (५ × ४५२८० − १० × २२६०५) ÷ ५० = ७. सुरुवात = (२२६०५ − ७ × १०) ÷ ५ = ४५०७, म्हणून रेषेचे टोक, म्हणजे शेवटच्या भावाजवळचा तिचा आकडा, ४५०७ + ४ × ७ = ४५३५.

नवा भाव ४५२५ आला. सर्वात जुना ४५१० बाहेर जातो आणि उरलेल्या प्रत्येकाचा क्रमांक एकाने घटतो. म्हणून नवी भारित बेरीज = ४५२८० − (२२६०५ − ४५१०) + ४ × ४५२५ = ४५२८५. साधी बेरीज २२६२०, उतार ४.५, टोक ४५३३. भारित बेरीज आधी बदला, साधी नंतर. क्रम उलटला तर कंसात चुकीचा आकडा जातो आणि ती चूक पुढे साचत राहते.

उतार भलता येण्याचे दुसरे, फार नेहमीचे कारण म्हणजे दर टिकला खिडकी सरकवणे. तसे केले की २० कँडलऐवजी २० टिकांची रेषा निघते. चालू कँडलचा भाव बदलला तर फक्त फरक घ्या : साध्या बेरजेत फरक, भारित बेरजेत फरक × १९. खिडकी सरकवायची ती कँडल बंद झाल्यावरच. वीज किंवा नेट गेल्याने मधल्या कँडल हुकल्या असतील तर पुढे सलग क्रमांक लावू नका. हुकलेला डेटा मागवून खिडकी नव्याने भरा. भाव पैशांत, पूर्णांकात ठेवले तर बेरजांत चूक साचत नाही. दशांशातच ठेवायचे असतील तर दर काही शे कँडलनंतर दोन्ही बेरजा मुळापासून करा.

रेषा बदलते ती चूक नव्हे. २० भावांची रेषा प्रत्येक वेळी नवीन आखली जाते, म्हणून सकाळच्या कँडलवरून जाणाऱ्या रेषेत नंतरचे भावही मिसळलेले असतात. मागच्या डेटावर पद्धत पारखताना ही रेषा वापरली तर निकाल खोटा चांगला येतो. प्रत्येक बंद कँडलला फक्त टोकाचा आकडा नोंदवून ठेवा आणि तेच बिंदू जोडा. पडताळणीला सोपा मार्ग आहे : टोक = ३ × भारित सरासरी − २ × साधी सरासरी, भार जुन्यापासून १, २, ३ असे. वरच्या पहिल्या पाच भावांवर करून पाहा, ४५३५ च येईल.

प्रश्न : बाजार समितीतील सोयाबीनच्या रोजच्या दरावर हेच चालेल का? – एक वाचक, परभणी

उत्तर : वरची युक्ती जशीच्या तशी चालणार नाही. रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत सौदे नसतात, त्यामुळे अंतरे समान राहत नाहीत. क्रमांकाऐवजी पहिल्या नोंदीपासूनचे दिवस घ्या आणि खिडकीतील बेरजा दररोज नव्याने करा. रोज एकच आकडा येतो, वेळेचा प्रश्नच नाही. उतार मग रुपये प्रतिक्विंटल प्रतिदिवस असा मिळतो. कमाल दर घेऊ नका, तो एखाद्या चांगल्या ढिगाचा असतो. सर्वसाधारण दर घ्या आणि शेजारी आवक लिहा. हंगामाच्या सुरुवातीचा माल ओला असतो. हमीभाव खरेदीला सहसा १२ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो, त्याहून ओल्या मालाला व्यापारी दर कमी देतात. पुढे माल वाळत गेला की बाजार जागेवर असला तरी रेषा चढते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला चढता उतार पाहून माल राखायचे ठरवत असाल तर ओलाव्याची नोंद सोबत हवीच.