छोट्या डायकास्ट गाड्या पॅकेटमध्येच ठेवाव्यात की उघडाव्यात? पावसाळ्यात कशा सांभाळाव्यात?

आधी त्या डांबराच्या गोळ्या काढा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की १:६४ च्या (म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्श्याच्या मापाच्या) सव्वाशेक गाड्या जमल्यात, बहुतेक अजून पॅकेटमध्येच आहेत, पलंगाखालच्या पेटीत ठेवल्यात आणि कसर लागू नये म्हणून मधे मधे डांबराच्या गोळ्या टाकल्यात. शिवाय भाचा गाड्या मागतो, त्याला द्याव्यात का असंही विचारलंय. त्या गोळ्यांची वाफ कपड्यांना चालते, पण स्टायरीन जातीचं प्लास्टिक तिनं मऊ पडतं. गाडीच्या काचा बऱ्याचदा त्याच प्लास्टिकच्या असतात. आधी काच धुरकट होते, मग चिकट, आणि एकदा चिकट झाली की कशानंही साफ होत नाही. हे मी छातीठोकपणे सांगतोय कारण बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात माझी पंचवीस वर्षं गेलीत. दिवसभर दाणा, डाय आणि रिजेक्शन यांच्याशीच संसार. आणि आईच्या पैठणीच्या ट्रंकेत गाड्या ठेवून सहा काचा मी स्वतः घालवल्यात.

आता उघडावं की नाही. सगळे विचारतात हे, आणि मला वाटतं प्रश्नच जरा चुकीच्या बाजूनं विचारला जातो. तुमच्याकडे दोन वस्तू आहेत: एक जस्ताची गाडी आणि एक छापील पुठ्ठा. गाडी नीट ठेवली तर तुमच्या नातवापर्यंत टिकेल. पुठ्ठा आपल्या हवेत पाच पावसाळ्यांत वाकतो, ब्लिस्टरचा, म्हणजे त्यावरच्या पारदर्शक प्लास्टिकच्या फुग्याचा, गोंद सुटतो, कोपरे कुरतडले जातात. तुम्हाला यातलं नक्की काय जमवायचंय ते ठरवा. पुढे विकायचा विचार असेल तर पॅकेट फोडल्यावर भाव पडणार हे धरून चाला. पण दुकानात आजही छापील किमतीला मिळणारी दीडशे-दोनशेची गाडी दहा वर्षांनी हजारात जाईल म्हणून पॅकेटमध्ये कोंडणारे लोक बघितले की मला हसू येतं. लाखांनी निघालेला माल आहे तो, आणि तुमच्यासारख्याच लाखोंनी तो न फोडता ठेवलाय.

मी काय करतो सांगतो. रबरी टायरच्या महागड्या मालिका आणि हाती लागलेली एकमेव सुपर ट्रेझर हंट पॅकेटमध्ये. बाकी सगळ्या मोकळ्या. हॉट व्हील्स या खेळण्यातल्या गाड्यांच्या ब्रँडनं १९९५ मध्ये ट्रेझर हंट, म्हणजे क्वचितच हाती लागणाऱ्या खास गाड्या, सुरू केल्या. त्यातल्या सुपरला चकचकीत पारदर्शक छटेचा रंग, रबरी टायर आणि अंगावर ‘टीएच’ ही अक्षरं असतात. ती मला मिळाली हा निव्वळ नशिबाचा भाग. मांडवीकडच्या एका दुकानात मी वर्षभर दर शनिवारी जायचो आणि दर शनिवारी ऐकायचो, “काका, आजे माल नथी आव्यो.” एकदा मुलीच्या वह्या घ्यायला म्हणून बुधवारी गेलो, तर खोका नुकताच फुटत होता.

तुम्ही उघडणार असाल तर ब्लिस्टर वरून ओरबाडू नका. पुठ्ठ्याच्या मागून, ब्लिस्टरच्या तळाच्या कडेला ब्लेडनं तीन बाजूंनी काप द्या आणि गाडी खाली सरकवून घ्या. पुठ्ठा शाबूत राहतो, आणि जाड वहीत दाबून ठेवला की जागाही खात नाही. माझ्याकडे अशा पुठ्ठ्यांच्या दोन वह्या आहेत. बायको त्यांना लग्नाचे अल्बम म्हणते.

आता पाणी. तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही, पण पलंगाखाली हा शब्द वाचल्यावर मला आमचं करेलीबागेतलं तळमजल्याचं घर आठवलं. बडोद्यात राहणाऱ्याला विश्वामित्री नदीची ओळख करून द्यावी लागत नाही. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आमच्या पायरीपर्यंत पाणी आलं आणि थांबलं. त्यामुळे मी निर्धास्त. मग २०२४ ची जन्माष्टमी आली. वरून मुसळधार पाऊस, त्यात आजवा धरणातून सोडलेलं पाणी, आणि नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ च्या वर गेली. आम्ही आई, गॅसची टाकी, कागदपत्रं आणि गणपतीची चांदीची मूर्ती वर शेजाऱ्यांकडे नेली. गाड्या खालच्या दोन खणांत होत्या, दोनशेच्या आसपास. त्या आठवल्या तेव्हा जिन्याच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं होतं, आणि त्या आठवड्यात बडोद्यात सोसायट्यांमधून मगरी पकडून नेत होते. खाली उतरायची माझी हिंमत झाली नाही.

तीन दिवसांनी खण उघडायला गेलो तर उघडेना. पुठ्ठे फुगून आतून अडकले होते. पटाशीनं फळी काढली. आत तपकिरी गाळाचा एक सलग ठोकळा, त्यात मधेच एखादं लाल बॉनेट, एखादं पिवळं छप्पर. पुठ्ठे एकमेकांना चिकटून लापशी झाले होते. आणि गाड्या? बादलीत साधं पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, जुना मऊ ब्रश, आणि एकेक करून दोनशेपैकी एकशे नव्वद तरी जशाच्या तशा बाहेर आल्या. पुठ्ठ्यांपैकी एकही नाही. उघडावं की नाही याबद्दलचं माझं मत त्या बादलीपाशी बनलंय, हे मी मान्य करतो.

त्या धुण्यातून कळलेल्या दोन-चार गोष्टी. गाडीचं अंग झॅमॅकचं असतं: जस्त मुख्य, थोडं ॲल्युमिनियम, चिमूटभर तांबं आणि मॅग्नेशियम. चारशेच्या वर अंशांना वितळवून ते पोलादी डायमध्ये दाबानं मारतात. जस्ताला लाल गंज चढत नाही. ओल राहिली तर रंग उडालेल्या जागी पांढरी भुकटी येते. लाल गंज येतो तो आसाला, कारण तो पोलादी तारेचा असतो. म्हणून धुतल्यावर गाडी उलटी करून वाळवा, आसाच्या दोन्ही टोकांशी शिवणाच्या मशीनचं तेल टाचणीच्या टोकानं लावा आणि चाकं फिरवा. हेअर ड्रायर वापरलात तर गार हवेवरच. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर यांतलं काहीही जवळ आणू नका. दारावरचे आकडे आणि पट्टे वरून छापलेले असतात, एका फटक्यात पुसले जातात. चकचकीत बंपरचं क्रोमही प्लास्टिकवरचा पापुद्राच असतो.

पूर ओसरल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया म्हणजे सगळं माळ्यावर टाकायचं. ते करू नका. मे महिन्यात आमच्या माळ्यावर हात ठेववत नाही. तिथे ब्लिस्टरचा गोंद सुटतो आणि रबर नरम पडतं. खाली पाणी, वर भट्टी. उरली ती मधली जागा: छातीच्या उंचीचं कपाट, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेलं, खिडकीच्या उन्हापासून दूर. पश्चिमेच्या खिडकीशी काचेच्या शोकेसमध्ये ठेवलेली माझी लाल व्हॅन तीन उन्हाळ्यांत एका बाजूनं गुलाबी झाली. दुसरी बाजू अजून लाल आहे, त्यामुळे कुणाला खोटंही सांगता येत नाही.

कशात ठेवायच्या हे मात्र मी जरा खेचून सांगणार, कारण इथे माझा धंदा आडवा येतो. डब्याच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो. ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, बिनधास्त घ्या. १ सुद्धा चालतो. ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे स्टायरीन. हे दोन टाळा. कारण असं की मऊ पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळलेलं असतं. ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं, आणि शेजारी स्टायरीन असेल तर त्याला खातं. बऱ्याच मॉडेलांचे मऊ टायर पीव्हीसीचे असतात. माझी एक १:४३ ची गाडी स्टायरीनच्या पारदर्शक डबीत आठ वर्षं न हलवता उभी होती. उचलायला गेलो तर उचलेना. जोर लावला तेव्हा चट् आवाज आला आणि डबीच्या तळावर चार काळे, चिकट खड्डे राहिले. टायरची खालची बाजू सपाट झाली होती. थर्माकोलही स्टायरीनच आहे, म्हणून गाड्या थर्माकोलमध्ये खोचून ठेवणंही नको. स्पंजही काही वर्षांनी चुरा होऊन रंगाला चिकटतो.

मला सगळ्यात सोयीची पडली ती नट-बोल्टांसाठी मिळते ती खणांची प्लास्टिकची पेटी. आकडा बघून घ्यायची, एका खणात एक गाडी, खाली साध्या सुती कापडाची पट्टी. घरात जुना पांढरा लेंगा असेल तर उत्तम.

सिलिका जेलच्या पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यातच उपयोगी. उघड्या शोकेसमध्ये त्या अख्ख्या बडोद्याची हवा वाळवत बसतात. केशरी रंगाचे दाणे घ्या, ओल धरली की ते हिरवट होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं विषारी क्षार असतं, ते घरात नको, आणि कुठलेही दाणे पुन्हा तापवायचे तर स्वयंपाकाची कढई वापरू नका (हे वाक्य बायकोनं मागे उभं राहून लिहून घेतलंय). त्याहून मोठी युक्ती फुकट आहे. डबे पावसाळ्यात बंद करू नका. जुलैत बंद केलेल्या डब्यात जुलै कोंडला जातो. आम्ही उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, दुसऱ्या दिवशी, सगळे गच्चीवर असताना, कोरड्या दुपारी पेट्या उघड्या टाकतो आणि ऊन उतरायच्या आत बंद करतो. एवढं केलं तर कसरीसाठी वेगळं काही लागत नाही. ती ओलीच्या मागे येते.

एक दुखणं मात्र कशानंच थांबत नाही. जस्तात शिसं मिसळलं गेलं तर धातू आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी बिस्किटासारखा तुटतो. चांगल्या झॅमॅकमध्ये शिसं लाखात पाच भागांच्याही आत ठेवतात ते त्यासाठीच. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकी या ब्रिटिश ब्रँडच्या गाड्यांना हा रोग फार लागलेला आहे. हा संसर्ग नव्हे, शेजारच्या गाडीला लागत नाही. पण जुन्या बाजारात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असलेली गाडी कुणी गळ्यात मारायला लागला तर घेऊ नका.

तसंच, तळावर १९७४ लिहिलंय म्हणून कुणी १९७४ ची गाडी असल्याचा भाव सांगितला तर हसून पुढे जा. ते साल त्या साच्याच्या आराखड्याच्या हक्काचं असतं. तोच साचा पुढे कितीतरी वर्षं चालतो, आणि तळावर मलेशिया किंवा थायलंड वाचलंत की बाकीचं तुम्हालाच कळेल.

राहिला भाचा. मॅचबॉक्सची गोष्ट माहीत असेल तर त्याला नाही म्हणवणार नाही. लेझ्नी कंपनीच्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काड्यापेटीत मावेल एवढंच खेळणं नेऊ द्यायचे, म्हणून त्यांनी तिला छोटा रोड रोलर करून दिला, आणि १९५३ मध्ये त्यातून ती मालिका निघाली. आमच्या बडोद्यात तर राजवाड्याच्या आवारात राजघराण्यातल्या मुलांसाठी छोटी आगगाडीच धावायची. भाच्यासाठी पंधरा-वीस गाड्यांचा वेगळा डबा करा, दुहेरी झालेल्या आणि रंग उडालेल्या त्यात टाका, आणि तो डबा खालच्या खणात ठेवा, म्हणजे त्याचा हात तिथेच जाईल. तो तीन वर्षांच्या आतला असेल तर अजून थांबा. आस निघाला की चाक सुटतं, आणि ते नेमकं तोंडात जाण्याच्या मापाचं असतं.