स्वस्त कोंबड्यांसाठी एफडी मोडावी का?

ताई,

सुदामानगरहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. महूजवळच्या शेतावर शेड तयार आहे. ६५ आठवड्यांच्या ५०० लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळायच्या कोंबड्या, दीडशे रुपये नगाने मिळताहेत, १६ आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, मात्र ३८०ला. एफडीतले ७५,००० काढून स्वस्तातल्या घ्याव्यात आणि पुढे कोंबडा ठेवून घरचीच पिल्लं काढावीत, असं तुमच्या मनात आहे.

घेऊ नका.

लेयर विसाव्या आठवड्याच्या आसपास अंड्यावर येते. २६ ते ३० आठवड्यांच्या दरम्यान शंभरातल्या नव्वदहून जास्त कोंबड्या रोज अंडं देतात, मग उतार लागतो. वय वाढलं की खाडे वाढतात. अंडं मोठं होतं, पण कवचाला लागणारं कॅल्शियम त्या प्रमाणात वाढत नाही. कवच पातळ पडतं, अंडी तडकतात. खाणं मात्र कमी होत नाही, रोजचं ११० ग्रॅमच्या आसपास.

आता तुमचेच आकडे धरू. ५०० कोंबड्यांना रोज ५५ किलो खाद्य, २८ रुपयांनी १,५४० रुपये. विकणारा स्वतः शेकडा ७० अंडी सांगतोय, म्हणजे ३५०. त्यातली २० फुटकी धरा. उरलेल्या ३३०चे, ५ रुपयांनी, १,६५०. हातात ११० रुपये, वीज-औषध-मजुरी अजून बाकी. पंधरा आठवड्यांनी त्या तुमच्या अंदाजाप्रमाणे ९० रुपयांनी काढाल, तेव्हा खरेदीतलेच ३०,००० गेलेले असतील. अंड्यांतून तोवर जेमतेम साडेअकरा हजार आलेले.

पत्रातल्या एका ओळीने तर मी चमकलो. ‘पाय कसे पिवळेधमक आहेत, बघा,’ असं म्हणून त्याने तुम्हाला कोंबडी दाखवली. या जातीत पायातला पिवळा रंग अंडी देता देता बलकात उतरतो, म्हणून भरपूर अंडी दिलेल्या कोंबडीचे पाय पांढुरके दिसतात. ६५ आठवड्यांची असून पाय पिवळे, म्हणजे ती बहुधा अंड्यावरून उतरलीय.

घरच्या पिल्लांचंही तसंच. लेयर हा वेगवेगळ्या निवडक वाणांचा संकर असतो. तिची पिल्लं आईसारखी निघत नाहीत; कुणी बरी, बहुतेक मागे. शिवाय म्हाताऱ्या कोंबडीची अंडी कमी उबतात. पिल्लं घरचीच हवी असतील तर आपल्या झाबुआचा कडकनाथ आहे, २०१८मध्ये त्याच्या मांसाला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. ती मूळ जात असल्याने पिल्लं आईबापांवर जातात. अंडी मात्र वर्षाला शंभराच्या आसपास, आणि गिऱ्हाईक वेगळं.

जवळजवळ तेवढ्याच पैशात २०० तलंगा येतात, ७६,०००ला. भरात असताना रोज १८० अंडी. ४ फुटकी आणि खाद्याचे ६१६ रुपये वजा जाता २६४ उरतात. पण ३८०ची तलंग शेवटी ९०लाच जाणार, म्हणजे अंडी देण्याच्या साठेक आठवड्यांत त्यांची किंमतही रोज १३८ रुपयांच्या आसपास झिजते, पहिले चार आठवडे नुसतं खाणं असतं, आणि पुढे अंडी उतरतात ती वेगळीच. पेन्शनमध्ये जे कमी पडतं ते यातून भरून निघणार नाही, ताई. वर्षभर हात बसवायला २०० पुरेत. बाकीची सव्वातीन लाखांची एफडी तशीच राहू द्या.

तलंगा घ्यायला जाल तेव्हा अंड्यातून बाहेर आल्याची तारीख आणि लसींची नोंद लेखी मागा. दोन्ही मिळेपर्यंत पैसे देऊ नका.