वाचकांचे प्रश्न: विमान अपघातामागचे कारण

प्रश्न: गेल्या पावसाळ्यात मुंबईहून येताना आमचे विमान धावपट्टीच्या अगदी जवळ येऊन पुन्हा वर गेले आणि दुसऱ्या खेपेस उतरले. अशा प्रसंगांची चौकशी होते का? विमान समुद्रात पडले तर कारण कसे कळते? आणि शेवटी ‘वैमानिकाची चूक’ एवढेच निघायचे असेल, तर इतकी लांबलचक चौकशी कशासाठी?
– एक वाचक, मालवण

उत्तर: आधी समुद्राविषयी. विमानात दोन नोंदयंत्रे असतात; एक उंची, वेग, इंजिनांची स्थिती टिपते आणि दुसरे कॉकपिटमधले आवाज. पाण्यात बुडताच त्यांना जोडलेले उपकरण ध्वनिसंकेत देऊ लागते. 2009 मध्ये अटलांटिकमध्ये कोसळलेल्या एअर फ्रान्सच्या विमानाची नोंदयंत्रे सुमारे 3,900 मीटर खोलीवरून जवळपास दोन वर्षांनी वर काढली, तरी त्यांतील नोंदी वाचता आल्या.

आपल्याच किनाऱ्यावर, 1 जानेवारी 1978 च्या रात्री, एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे विमान उड्डाणानंतर लगेच वांद्र्यासमोर समुद्रात पडले आणि 213 जण मृत्युमुखी पडले. मुख्य वैमानिकाने विमान डावीकडे कलवले, हे खरे; परंतु विमानाचा कल दाखवणारे त्याच्या समोरचे यंत्र बिघडले होते आणि खाली काळ्या समुद्रावर क्षितिज दिसत नव्हते, हेही तितकेच खरे.

‘वैमानिकाची चूक’ हे उत्तर मला म्हणूनच अपुरे वाटते. 22 मे 2010 रोजी मंगळूरला, तुमच्याकडच्या सड्यांसारख्या माथ्यावरच्या धावपट्टीवरून एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पुढे निसटून दरीत गेले. 158 जण मरण पावले, आठ वाचले. मुख्य वैमानिक वाटेत बराच वेळ झोपला होता, हे ध्वनिमुद्रणावरून कळले. पण विमानतळाचे रडार बंद असल्यामुळे विमानाला खाली येण्याची परवानगी उशिरा मिळाली, त्यामुळे ते गरजेपेक्षा उंच राहिले, धावपट्टीवर फार पुढे टेकले आणि धावपट्टीपलीकडच्या एका पक्क्या बांधकामावर त्याचा पंख आदळला. चौकशी एका माणसावर थांबली असती, तर रडार आणि ते बांधकाम यांकडे कोणी पाहिले नसते. दोष ठरवणे हे अशा चौकशीचे काम नाही, असे आंतरराष्ट्रीय नियमच सांगतात. भारतात हे काम 2012 पासून विमान अपघात तपास विभागाकडे आहे. गंभीर घटनांचीही चौकशी होते, त्यासाठी माणसे मरावी लागत नाहीत.

मात्र तुमचा अनुभव त्या वर्गातला असेलच असे नाही. उतरण्याची घडी नीट बसली नाही, तर पुन्हा वर जाणे ही वैमानिकांना शिकवलेली नेहमीची पद्धत असून तिला ‘गो-अराउंड’ म्हणतात. प्रवाशांच्या पोटात गोळा येतो, हे मान्य. परंतु मंगळूरला सहवैमानिकाने तीन वेळा हेच सुचवले होते आणि ते ऐकले गेले नाही.