रॉकीची क्रमवारी लावण्याआधी
रॉकी या बॉक्सरचे सहा आणि त्याच मालिकेतून पुढे आलेले क्रीडचे तीन, असे नऊ सिनेमे. लगेच नंबर द्यायला बसू नकोस. आधी १९७६चा पहिला निवांत बघ. त्यात रॉकी शेवटची लढत हरतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच नसतं! रिकाम्या आइस रिंकवर रॉकीला आवडणारी एड्रियन स्केट्स घालून अडखळतेय आणि तो शेजारून साध्या बुटांनी चालत बडबडतोय, तो प्रसंग मला सगळ्या ठोशाठोशीपेक्षा भारी वाटतो. चौथ्याला (१९८५) गाण्यांच्या जोरावर वर चढवू नकोस. पाचवा तळाला, त्यावर वाद नको. २००६चा 'रॉकी बाल्बोआ' मी उगाच खाली टाकला होता. चाळिशीनंतर पुन्हा पाहिला आणि थेट तिसऱ्यावर आणला. पहिल्या 'क्रीड'मधली एकाच शॉटमधली लढत मात्र दोनदा बघ.